प्राध्यापक दामोदर धर्मानंद कोसंबी

मुलुंड स्थानकांतून न थांबतां जाणारी डेक्कन क्वीन आपण पाहतोंच. त्याच गाडीनें पुण्याहून मुंबईस कामावर येणाऱ्या एका गणितज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजीं गोव्यांत झाला. बौद्ध पंडित धर्मानंद हे त्यांचे वडील. हार्वर्डची पदवी घेऊन त्यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत अध्यापन केलें, पुढें डॉ. होमी भाभांनीं त्यांस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बोलाविलें.

कोळशाच्या खाणींपासून दूरच्या प्रांतांस अणुशक्तीच तारील, अशी भाभांची श्रद्धा होती. १९५६ सालीं तुर्भें येथें ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. कोसंबींस मात्र हा मार्ग पटेना. अणुवीज महाग, तिचे अवशेष दीर्घकाळ घातक; उलट सूर्य खेडोपाडीं फुकट तापतो, हें मत त्यांनीं १९६० सालीं पुण्यांतील भाषणांत उघडपणें मांडिलें. १९६२ सालीं संस्थेंतील त्यांची नेमणूक संपली, ती पुन्हां झाली नाहीं. मत त्यांनीं सोडिलें नाहीं.

१९६६ सालीं दोघेही निवर्तले. १९६९ सालीं तारापुरास अणुवीज निर्माण होऊं लागली. आज घरांच्या छपरांवर सूर्याचीही वीज होते. वाद मिटलेला नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, वडीलधाऱ्यांचा मान राखूनही पुराव्यानिशीं निराळें मत मांडतां येतें, हें ह्या चरित्रापासून आपण शिकावें.