वालचंदशेठ आणि आमच्या घरची गाडी

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक वाद झाला. दादाला यवतमाळातच नोकरी लागली आणि घरात नवी गाडी घ्यायचे ठरले. चार दारांची, मागे डिकी असलेली, पण पळायला चपळ अशी सेडान. गाडी ठरली, रंग ठरला. घोडे अडले ते गिअरपाशी. गिअर हाताने टाकायचा, की गाडीने आपला आपण बदलायचा? दादा हाताच्या गिअरचा आग्रही. बाबाही त्याच पक्षाचे. आईने मात्र बाबांच्या डाव्या गुडघ्याकडे बोट दाखवले. पुसदला आजीकडे जाऊन आले की क्लच दाबून दाबून तो गुडघा सुजतो आणि पुढे दोन दिवस बाबा जिना चढत नाहीत. बाबांना हे बोलणे मुळीच रुचले नाही. त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

त्याच सुमारास इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र अभ्यासत होते. माझ्या लहानपणी आमच्याकडे जी जुनी पद्मिनी होती, ती त्यांनीच स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. त्यामुळे हा माणूस मला परका वाटला नाही.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरास झाला. घराणे मूळचे गुजरातेतले, जैन. धंदा कापसाचा आणि सावकारीचा. शिक्षण सोलापूर, मुंबई, पुणे असे झाले. वडिलांची पेढी सांभाळली असती तर आयुष्य सुखात गेले असते. पण तिथे त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून ते कंत्राटदार झाले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांची सुरुवात झाली. ती अडीच फुटी अरुंद रुळांची गाडी. आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतलेचे रूळही तेवढ्याच रुंदीचे. शकुंतला पाहिलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना वालचंदांच्या पहिल्या पावलाची कल्पना सहज यावी. पुढे बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांपर्यंत त्यांची मजल गेली.

पण रुळांवर ते थांबले नाहीत. १९१९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले आणि त्या पहिल्या सफरीत वालचंद स्वतः जहाजावर होते. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवण्याचा प्रयत्न केला, तरी ती टिकली. ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन त्या सफरीच्या स्मरणार्थच आहे. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने त्यांनी बंगलोरला विमानांचा कारखाना उभारला. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी सुरू केली. तिथे बांधलेले जलउषा हे जहाज १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले.

मोटारीचा ध्यासही याच काळातला. हिंदुस्थानात मोटार बनावी या विचाराला विश्वेश्वरय्यांचाही पाठिंबा होता. वालचंदांनी अमेरिकेतल्या कारखानदारांशी बोलणी केली. फोर्डशी जमले नाही. क्रायस्लर तयार झाली. इंग्रज सरकारने मात्र साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

इथे मला एक योगायोग सापडला. १९३९ हे वर्ष वालचंदांच्या मोटारीच्या खटपटीचे. त्याच वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइल गाडीसाठी हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. त्या गाडीला क्लचचे पेडलच नव्हते. म्हणजे आमच्या घरातला वाद चांगला ऐंशी वर्षांहून जुना! आमच्या पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला होता. पहिल्या गिअरला दातांचा वेग जुळवून घेणारी सोय नव्हती. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबून मध्ये रेस द्यावी लागे. ज्याला हे जमले तोच खरा ड्रायव्हर, अशी बाबांची व्याख्या. गुडघ्यापेक्षा ती व्याख्याच त्यांना अधिक दुखत होती, हे माझ्या हळूहळू ध्यानात आले.

वालचंदांच्या चरित्राचा शेवट मी वाचला तो त्याच आठवड्यात. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आयुष्यभर सर्व सूत्रे स्वतःच्या हाती ठेवणाऱ्या या माणसाला १९५० मध्ये कारभारातून निवृत्त व्हावे लागले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. पुढे फियाटच्या सहकार्याने कुर्ल्यात गाड्या बनत राहिल्या आणि त्यांतलीच एक पद्मिनी नावाने घरोघरी पोचली. मुंबईच्या रस्त्यावरची तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. वालचंदांचा हात सुटल्यावरही त्यांची गाडी सत्तर वर्षे धावली.

एका रात्री जेवणे आटोपल्यावर मी हे सारे घरी सांगितले. वालचंदांनी क्रायस्लरचे यंत्र घेतले, परक्यांचे तंत्र शिकून घेतले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांना कुठे जायचे ते ठाऊक होते. वाहन कोणते, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. बाबा काही बोलले नाहीत. दादाने हाताच्या गिअरची बाजू पुन्हा मांडली आणि तीही खोटी नव्हती. ती गाडी स्वस्त पडते, तिची दुरुस्ती सोपी असते आणि वळणावर इंजिन आपल्या मुठीत असल्याचे समाधान मिळते. स्वयंचलित गाडीत दोन क्लचचा गिअरबॉक्स असेल तर पुढचा गिअर आधीच तयार राहतो आणि माणसाच्या हातापेक्षा लवकर पडतो. पण तो बिघडला तर खिसाही तितकाच हलका होतो.

दोन दिवसांनी बाबा स्वतःच म्हणाले की एकदा चालवून पाहू. दाखवायला आणलेली स्वयंचलित गाडी त्यांनी पुसदच्या रस्त्याला घातली. घाटाच्या उताराला स्टिअरिंगमागच्या पट्टीने गिअर खाली आणून त्यांनी इंजिनावरच वेग आवरला. मागे बसलेला दादा गप्प झाला. परत आल्यावर बाबा सरळ जिना चढून वर गेले.

गाडी आता दारात आहे. दादाला अधूनमधून हुरहूर लागते, नाही असे नाही. पहिल्या चौकात बाबांचा डावा पाय अजूनही रिकाम्या जागी क्लच शोधतो. मग ते तो हळूच मागे घेतात आणि आजीकडे किती वाजता पोचू याचा हिशेब मांडू लागतात.