मिठाच्या खात्यातला फुलपाखरूवाला

घरच्या कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की आपण काय करतो? अळी शोधतो, चिरडतो आणि वर फवारा मारतो. विषय संपला. पण पुढच्या वेळी हात उचलण्याआधी जरा थांबा. पान कुणी खाल्लं हे बघण्यात ज्यानं आपल्या सुट्ट्या घालवल्या, अशा एका माणसाची ही गोष्ट आहे. आणि तो माणूस कुठे लांबचा नाही, आपल्या शेजारच्या साताऱ्यात जन्मलेला.

एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. जन्म १६ ऑगस्ट १८५१. वडील स्कॉटिश मिशनरी. सुरुवातीचं शिक्षण त्यांनीच दिलं. पुढे मुंबई विद्यापीठातून बीए, एमए झालं आणि १८७० पासून सहा वर्षं एडवर्डनं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं. म्हणजे बघा, शिकवायचा भाषा, प्राणीशास्त्र नाही!

१८७६ मध्ये त्याला सरकारी नोकरी लागली, जकात आणि मिठाच्या खात्यात. खाराघोडा, उरण, कारवार, गोव्याची हद्द, रत्नागिरी अशा बदल्या होत राहिल्या. काम काय, तर मिठागरांवर नजर ठेवायची आणि कर वसूल करायचा. हा कर गरिबाच्या भाकरीतल्या मिठालाही सुटत नव्हता. १९३० मध्ये त्याच्याविरुद्ध देश उभा राहिला, हे आपण शाळेत शिकलोय. एटकेन त्या यंत्रणेचा भाग होता, हे विसरून चालणार नाही.

पण नोकरीचे तास संपले की तो वेगळाच माणूस असायचा. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली. त्या आठांत एटकेन होता, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते. त्याच वर्षी त्याचं 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक आलं. नावाची आद्याक्षरं जोडून तो 'ईहा' या टोपणनावानं लिहायचा. तेव्हाचे बहुतेक साहेब वाघ मारल्याच्या कथा लिहीत होते. यानं लिहिलं ते घरातल्या उंदरांवर, मुंग्यांवर, पालींवर आणि बागेतल्या फुलपाखरांवर. विनोद त्याचा हातखंडा. मात्र 'बिहाइंड द बंगलो' मध्ये तो घरच्या नोकरांची खिल्ली उडवतो, ते आज वाचताना खटकतं.

त्याचं खरं भारी काम झालं कारवारच्या बाजूला. तिथे जेम्स डेव्हिडसन हा सनदी अधिकारी आणि जंगल खात्यातला टी. आर. बेल असे दोन जोडीदार त्याला भेटले. तिघांनी नुसती जाळी घेऊन फुलपाखरं पकडली नाहीत. कुठली मादी कुठल्या झाडावर अंडी घालते ते बघायचं, अळ्या घरी आणायच्या, त्यांना त्याच झाडाची ताजी पानं घालायची आणि कोषातून कोण बाहेर येतं याची वाट बघायची. अळ्या आणि कोषांवरचा डेव्हिडसन-एटकेन यांचा लेख १८९० मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. १८९६ पासून तिघांनी मिळून उत्तर कॅनरा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर लिहिलं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण पंख फसवतात. रुईवर दिसणारं नारिंगी 'प्लेन टायगर' पक्ष्यांना बेचव लागतं. 'डॅनाइड एगफ्लाय'ची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते आणि त्या जोरावर वाचते. उडताना दोघींत फरक करणं अवघड. पण अळी लगेच खरं सांगते. प्लेन टायगरची अळी रुई खाते, तिच्या अंगावर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असतात. दुसरीची अळी काटेरी आणि खाते घोळ. हो, तीच आपली भाजीची घोळ! झाड ओळखलं की अर्धं फुलपाखरू ओळखलं.

पतंगांनाही हेच लागू. कण्हेरीवर बोटाएवढी हिरवी अळी आणि तिच्यावर दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके दिसले, तर तो पुढे होणारा 'ओलिएंडर हॉकमॉथ'.

एटकेन गोव्याच्या हद्दीवरच्या चौक्यांत मलेरियाचा तपास करायला गेला, तेव्हा त्याला एक नवा डास सापडला. १९०३ मध्ये त्या डासाला 'अ‍ॅनॉफिलीस एटकेनी' असं नाव मिळालं. निवृत्तीनंतर तो एडिंबराला गेला आणि ११ एप्रिल १९०९ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी वारला. बेल मात्र कारवारलाच राहिला आणि १९४८ मध्ये तिथेच गेला.

आता तुमची पाळी. आपल्याकडे बाग 'स्वच्छ' करायची म्हणजे आधी रुई उपटायची, घोळ खुरपायची, कढीपत्त्यावर फवारा मारायचा. मग फुलपाखरं कमी झाली म्हणून हळहळायचं. त्याऐवजी कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर ते पुसू नका. ती बहुधा 'लाइम' किंवा 'कॉमन मॉरमॉन'ची लहान अळी असेल. रोज एक फोटो काढा, तारीख लिहा. ती मोठी होऊन हिरवी होईल, मग कोष करेल. बाहेर कोण येतं ते बघेपर्यंत एक फांदी गेली तर गेली. फोडणीला उरलेली पानं पुरतात की!