खर्जाचा धनी : क्लिफ बर्टन

'मेटॅलिका' या अमेरिकन बँडचा '७२ सीझन्स' हा आल्बम १४ एप्रिल २०२३ रोजी निघाला. बँड म्हटले की आपल्याकडे वरातीचा बँड डोळ्यांपुढे येतो. हा बँड चारच माणसांचा. दोन गिटार, एक बास गिटार आणि ड्रम्स एवढीच वाद्ये, आणि संगीताची जात हेवी मेटल, म्हणजे ऐकणाराच्या कानठळ्या बसवणारी. १९८१ साली पोरसवदा वयात मांडलेला हा डाव, मंडळी साठीला टेकली तरी मोडलेला नव्हता. आल्बमच्या नावामागचा हिशोब साधा आहे. वर्षाचे ऋतू चार, म्हणून अठरा वर्षांचे बहात्तर. पहिल्या अठरा वर्षांत माणूस जसा घडतो किंवा बिघडतो, त्याचेच ओझे तो पुढे वागवीत राहतो, असा गायक जेम्स हेटफील्डचा विचार त्यात आहे. मुखपृष्ठावर पिवळ्याजर्द पार्श्वभूमीवर एक जळका पाळणा दाखवला आहे. आपल्याकडे ऋतू सहा. तेव्हा आपला हिशोब एकशे आठ ऋतूंचा होईल, बरोबर जपमाळेच्या मण्यांइतका. असो.

या आल्बमचे शेवटचे गीत 'इनामोराटा' अकरा मिनिटांहून मोठे आहे. त्याच्या मध्यावर इतर वाद्ये मागे सरतात आणि बास गिटार एकटीच बोलू लागते. ती वाजवणारा रॉबर्ट त्रुहियो २००३ पासून या बँडमध्ये आहे. पण ज्या जागेवर तो उभा आहे ती जागा एका दुसऱ्याच माणसाने मोठी करून ठेवली आहे, आणि मला लिहायचे आहे ते त्याच्याविषयी. त्याच्या वाट्याला चाराच्या हिशोबाने शंभर ऋतूसुद्धा आले नाहीत.

क्लिफर्ड ली बर्टन याचा जन्म १० फेब्रुवारी १९६२ रोजी कॅलिफोर्नियात झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचे कॅस्ट्रो व्हॅली हे त्याचे गाव. वडील रे आणि आई जॅन. घरात पाश्चात्य शास्त्रीय संगीताचा कान होता आणि लहानपणीच क्लिफ पियानो शिकू लागला. पुढे हेवी मेटल वाजवतानाही बाख हा जर्मन रचनाकार त्याचे दैवतच राहिला.

१९७५ साली त्याचा थोरला भाऊ स्कॉट मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने गेला. क्लिफ तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याने बास गिटार मनावर घेतली ती त्यानंतर. भावासाठी आपण सर्वांत चांगला बासवादक व्हायचे, असे त्याने ठरवले होते, ही आठवण आईने पुढे सांगितली आहे. दिवसाला चार ते सहा तास सराव, आणि हा नेम नावलौकिक झाल्यावरही त्याने मोडला नाही. दुःख बोलून दाखवण्याऐवजी त्याला कामाला जुंपणारी माणसे असतात. हा मुलगा त्यांतला असावा.

बास गिटार म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. तिला बहुधा चार तारा, आवाज नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली. आपल्याकडच्या खर्जासारखे तिचे काम: ड्रम्स आणि गिटार यांची मोट बांधायची, आणि आपण पुढे यायचे नाही. मोबाइलच्या स्वस्त इयरफोनवर ती धड ऐकूही येत नाही. क्लिफने नखीऐवजी नुसत्या बोटांनी ती वाजवली, तिचा आवाज यंत्रांतून फाडून, वळवून, गिटारच्या तोंडचा घास घ्यावा तसा वापरला. आणि तरीही पाया सोडला नाही. हे दुसरे मला अधिक अवघड वाटते. पुढे धावणारे पुष्कळ असतात.

शाळा संपवून तो हेवर्डच्या शॅबो कॉलेजात गेला. तेथे त्याच्याबरोबर वाजवणारा जिम मार्टिन पुढे 'फेथ नो मोअर' या बँडचा गिटारवादक म्हणून नावाजला. संगीतावरच पोट भरणार, असे क्लिफने घरी सांगितले तेव्हा आईवडिलांनी त्याच्याशी एक करार केला. चार वर्षे घरभाडे आणि जेवणखाण आमच्याकडे. तेवढ्यात थोडीतरी प्रगती दिसली नाही तर मुकाट्याने नोकरी धरायची. त्याने तो मान्य केला. या चरित्रात मी सर्वांत जास्त वेळ थांबलो ते येथे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे मुदतीचा करार म्हणजे काय ते मला वेगळे समजावून घ्यावे लागले नाही. कमावत्या वयाच्या मुलाला चार वर्षे बिनकमाईची देणे ही कोणत्याही देशात लहान गोष्ट नव्हे. कलावंतांच्या चरित्रांत घरच्यांचा विरोध नेहमी रंगवून सांगतात. असा हिशोबी, पण भरवशाचा पाठिंबा क्वचितच वाचायला मिळतो.

१९८२ साली तो 'ट्रॉमा' नावाच्या बँडमध्ये होता. लॉस एंजेलिसच्या 'व्हिस्की अ गो गो' या ठिकाणी त्याचे वादन चालू असताना हेटफील्ड आणि ड्रमवादक लार्स उल्रिक समोर होते. गिटारचे एकल वादन चालले आहे असे त्यांना वाटले. नीट पाहतात तो वाजवणाऱ्याच्या हाती बास! त्यांनी त्याला बोलावले. क्लिफने अट घातली: मी लॉस एंजेलिसला येणार नाही, तुम्हीच आमच्या भागात या. वीस वर्षांच्या पोराच्या शब्दाखातर अख्ख्या बँडने बिऱ्हाड हलवले. ५ मार्च १९८३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द स्टोन' येथे तो त्यांच्यासोबत प्रथम उभा राहिला. बाकीचे घट्ट पँटी घालणारे, आणि हा आपला सत्तरीतल्या बेल-बॉटममध्ये, मोकळ्या केसांनी मान झटकत. ती फॅशन केव्हाच मागे पडली होती, याचे त्याला सोयरसुतक नव्हते.

जुलै १९८३ मध्ये पहिली तबकडी आली, 'किल 'एम ऑल'. तीत एक संपूर्ण तुकडा त्याच्या बास वादनाचा आहे. १९८४ च्या 'राइड द लायटनिंग'मध्ये हेमिंग्वेच्या कादंबरीचे नाव घेतलेले 'फॉर हूम द बेल टोल्स' हे गीत आहे; त्याच्या आरंभीचा करकरीत सूर अनेकांना गिटारचा वाटतो, तो क्लिफच्या बासचा. आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी तो एकदा अवश्य ऐकावा. ही मंडळी केवळ आरडाओरडा करतात असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, सुरांची परस्परांत गुंफण कशी करावी याचे धडे हेटफील्डने घेतले ते क्लिफकडून, आणि लव्हक्राफ्ट या लेखकाच्या भयकथांचे वेड क्लिफला होते. ३ मार्च १९८६ रोजी निघालेली 'मास्टर ऑफ पपेट्स' ही या काळाची पूर्तता. तिच्यातील 'ओरायन' या आठ मिनिटांच्या रचनेत एक शब्द नाही. मध्यभागी सारे शांत होते आणि बास संथपणे एक चाल धरते. तो भाग क्लिफचा. २०१६ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-संग्रहात ही तबकडी घेतली. हेवी मेटलला हा मान प्रथमच मिळाला.

त्या वर्षी त्यांनी ऑझी ऑस्बोर्नबरोबर अमेरिका पालथी घातली आणि सप्टेंबरात ते युरोपात उतरले. २६ सप्टेंबरला स्टॉकहोमजवळच्या सोल्ना येथे कार्यक्रम झाला. रात्री बस कोपनहेगनकडे निघाली. निजायची जागा कोणी कोणती घ्यायची यासाठी पत्ते काढले. क्लिफचा पत्ता सरस निघाला आणि त्याने गिटारवादक कर्क हॅमेटची जागा घेतली. २७ तारखेच्या पहाटे डोराप या गावाजवळ बस रस्ता सोडून उलटली. क्लिफ खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बस त्याच्या अंगावर आली. वय वर्षे चोवीस. रस्त्यावर बर्फ होता असे चालकाचे म्हणणे. हेटफील्ड त्या थंडीत, अपुऱ्या कपड्यांनिशी, बर्फ शोधत रस्त्याने चालत राहिला, त्याला तो दिसला नाही. चौकशी झाली, चालकावर दोष आला नाही. पत्त्याचा किस्सा लोक दैवाचा खेळ म्हणून सांगतात. मला त्यात दैवापेक्षा, जो वाचला त्या हॅमेटचा विचार अधिक येतो.

कॅस्ट्रो व्हॅलीतल्या अंत्यविधीच्या वेळी 'ओरायन' वाजवले गेले. पुढच्याच महिन्यात जेसन न्यूस्टेड नवा बासवादक म्हणून आला. १९८८ च्या आल्बममध्ये क्लिफच्या मागे राहिलेल्या तुकड्यांतून 'टू लिव्ह इज टू डाय' ही रचना उभी केली आहे. त्याच आल्बमवर एक आक्षेप आजतागायत घेतला जातो: न्यूस्टेडची बास तीत जवळजवळ ऐकूच येत नाही. कारणे तंत्रातली असतील, स्वभावातली असतील. गेलेल्याची जागा भरली, पण तिथून येणारा आवाज त्यांना सोसवत नव्हता, असे आपले मला वाटते. नव्या माणसावर मात्र तो अन्यायच झाला. 'ओरायन' पूर्ण रूपात रंगमंचावर यायला २००६ साल उजाडले. त्याच वर्षी डोरापजवळ त्याच्या नावाची शिळा उभी राहिली.

आई १९९३ साली गेली. वडील मात्र दीर्घायुषी झाले. मेटॅलिकाच्या कार्यक्रमांना ते म्हातारपणीही जात. २००९ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये बँडचा सत्कार झाला तेव्हा मुलाच्या वतीने तेच उभे राहिले. जानेवारी २०२० मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते वारले. क्लिफच्या नावे येणारे मानधन त्यांनी स्वतःसाठी ठेवले नव्हते. कॅस्ट्रो व्हॅलीच्या ज्या शाळेत तो शिकला, त्याच शाळेत संगीत शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी ते पैसे ते देत आले होते.