पिशवीला टाका घालणारे डॉ. शिरोडकर

मैत्रिणींनो, आपल्या टेंभुर्णीतली एखादी सून तपासणीसाठी सोलापूरला, पंढरपूरला नाहीतर पुण्याला जाऊन येते आणि घरात हळू आवाजात सांगितलं जातं, की तिच्या पिशवीला टाका घातलाय. शेजारणीलाही त्याचा अर्थ लगेच कळतो. मूल पोटात टिकावं म्हणून गर्भपिशवीचं तोंड बांधून ठेवलंय. पण हा टाका पहिल्यांदा कुणी घातला, हे विचारलं तर फारसं कुणाला सांगता येत नाही. जगभरातले डॉक्टर त्याला ‘शिरोडकर टाका’ म्हणतात. आणि हे शिरोडकर आपल्या शेजारच्या गोव्यातले, मुंबईत नावारूपाला आलेले.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या शिरोडा गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्यांची शाळा झाली हुबळीला. पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आले. १९२३ साली एमबीबीएस झाले आणि १९२७ साली बाळंतपण व स्त्रीरोग या विषयात एमडी. त्यानंतर इंग्लंडला जाऊन १९३१ साली एफआरसीएस ही शस्त्रक्रियेतली मानाची पदवी मिळवली. तिकडे न रमता ते परत आले आणि जे. जे. रुग्णालयाच्या परिवारात मानद डॉक्टर म्हणून रुजू झाले. त्या काळी मुंबईतले मोठे डॉक्टर आपली प्रॅक्टिस सांभाळून अशा रुग्णालयांत गोरगरिबांवर उपचार करत आणि विद्यार्थ्यांना शिकवत. शिरोडकरांनीही तेच केलं.

अशा ठिकाणी येणाऱ्या बायकांमध्ये एक दुखणं पुन्हा पुन्हा दिसायचं. दिवस राहायचे, तीन-चार महिने सगळं नीट चालायचं, बाळाची हालचालही जाणवू लागायची. मग पाचव्या-सहाव्या महिन्यात फारशा कळा न येताच पिशवीचं तोंड उघडायचं, पाणी जायचं आणि मूल हातचं जायचं. एकदा नाही, दोनदा, तीनदा, चारदा. बाईच्या मनाचं काय होत असेल ते आपल्याला सांगायला नको. वर घरच्यांचे टोमणे. कुणी बाहेरची बाधा म्हणायचं, कुणी तिच्या नशिबाला बोल लावायचं, कुणी नवस बोलायला लावायचं. कितीतरी घरांत अशा बाईवर सवत आली.

खरं कारण अगदी साधं होतं. गर्भपिशवी म्हणजे उलटी धरलेली थैलीच. तिचं तोंड खालच्या बाजूला. बाळ वाढतं तसा भार त्या तोंडावर येतो. दिवस भरेपर्यंत ते घट्ट मिटलेलं राहायला हवं. पण काहींचं तोंड जन्मतःच कमजोर असतं, तर काहींचं आधीच्या अवघड बाळंतपणात फाटलेलं किंवा पिशवी साफ करताना दुखावलेलं असतं. ते भार सोसत नाही. म्हणजे दोष बाईच्या पायगुणाचा नव्हता, एका छोट्या जागेच्या ताकदीचा होता.

ही दुरुस्ती करायचे प्रयत्न आधीही झाले होते. १९४८ साली फ्रान्समध्ये आणि १९५० साली अमेरिकेत डॉक्टरांनी बाई गरोदर नसताना पिशवीचं तोंड शिवून पाहिलं. पण त्यानंतर दिवस राहतीलच याची खात्री नसायची. शिरोडकरांनी ठरवलं, की बाई गरोदर असतानाच तोंड बांधायचं. ही पद्धत त्यांनी १९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात मांडली.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात जोखीम मोठी होती. गरोदरपणात पिशवीकडे जाणारं रक्त खूप वाढतं. दिवस भरत येतात तेव्हा तर दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त तिकडे जात असतं. पिशवीच्या दोन्ही कडांना मोठ्या रक्तवाहिन्या असतात. सुई जरा बाजूला गेली, की भळाभळा रक्त. पुढच्या बाजूला लघवीची पिशवी अगदी चिकटून असते. तिला सुई लागली तर तो त्रास वेगळाच. आणि आत बाळ. फार ओढाताण केली तर ज्याला वाचवायचं तेच दगावायचं.

म्हणून शिरोडकरांनी सगळा भर हलक्या हातावर ठेवला. पिशवीच्या तोंडाच्या पुढच्या बाजूला वरच्या पातळ कातडीवर छोटी आडवी चीर द्यायची. तिथून पदर सोडवत लघवीची पिशवी हळूच वर सरकवायची. आपण कांद्याचा पापुद्रा न फाडता सोडवतो ना, तसं काम. शरीरातल्या दोन अवयवांच्या मधे असा एक सैल पदर असतोच. तो नेमका सापडला तर रक्त फार जात नाही आणि अवयवही सुखरूप राहतो. पदर चुकला तर दोन्ही बिघडतं. मागच्या बाजूलाही अशीच एक छोटी चीर. मग बोथट टोकाच्या वाकड्या सुईने कातडीखालून पट्टी फिरवायची आणि बाजूच्या रक्तवाहिन्या तिच्या वाटेबाहेर राहतील हे बघायचं. पट्टी घट्ट बांधली, की कातडी परत शिवून टाकायची. लघवीची पिशवी वर सरकवल्यामुळे पट्टी तोंडाच्या खालच्या टोकाला न बसता वर, जिथे खरी मिठी हवी तिथे बसायची.

ही पट्टी कशाची, तर त्या बाईच्याच मांडीची. मांडीच्या स्नायूंवर पांढरं, चिवट आवरण असतं, त्याची अरुंद पट्टी ते काढून घेत. स्वतःच्याच शरीराचा भाग असल्यामुळे शरीर तो सामावून घेतं. पुढे कृत्रिम धाग्याची चपटी फीत वापरात आली आणि मांडीवरची चीर वाचली.

दोनच वर्षांनी, १९५७ साली, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या डॉ. इयन मॅकडोनाल्ड यांनी याची सोपी पद्धत लिहिली. त्यात पदर सोडवायचे नाहीत. बटव्याची दोरी ओढतो तसा तोंडाभोवती टाका फिरवून आवळायचा. आज बहुतेक ठिकाणी हाच टाका घालतात, कारण तो घालायला आणि काढायला सोपा. बहुतेक बायकांच्या बाबतीत दोन्हींच्या परिणामात फार फरक दिसलेला नाही. तोंड फारच आखूड असेल किंवा आधीचा टाका टिकला नसेल, तर डॉक्टर शिरोडकरांच्या पद्धतीचा विचार करतात.

शिरोडकरांचं काम एवढ्यावर थांबलं नाही. अंग बाहेर येणं हे आपल्याकडच्या कष्टकरी बायकांचं जुनं दुखणं. त्या वेळच्या एका प्रचलित शस्त्रक्रियेत पिशवीच्या तोंडाचा भाग कापून टाकत. त्यामुळे अंग वर जायचं, पण पुढचं मूल टिकणं अवघड व्हायचं. शिरोडकरांनी ही शस्त्रक्रिया तोंड न कापता करायची रीत काढली. शिवाय तरुण बायकांसाठी पिशवी फितीने माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधून उचलून धरायची शस्त्रक्रिया बसवली. पिशवी काढून न टाकता ती वाचवायची, हा त्यांचा ध्यास होता. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याची बातमी आली, तेव्हा या ध्यासाची किंमत पुन्हा कळली. आपलाही भाग उसाचाच आहे.

दुसरीकडे ते भारतीय कुटुंब नियोजन संघटनेच्या संस्थापकांपैकी एक होते. मूल हवं असलेल्या बाईला ते मिळावं आणि नको असताना तिच्यावर लादलं जाऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यांच्या कामात दिसतात. १९६० साली त्यांना पद्मभूषण आणि १९७१ साली पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी, ७ मार्चला ते गेले.

आता थोडं आपल्या कामाचं. टाका प्रत्येकीला लागत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जवळपास १३०० बायका होत्या. त्यात टाका घातलेल्यांपैकी १३ टक्के बायका तेहतिसाव्या आठवड्याच्या आत बाळंत झाल्या, न घातलेल्यांपैकी १७ टक्के. जिची तीन किंवा जास्त मुलं अशी गेली होती, तिला फायदा ठळक दिसला. म्हणून आधी पाचव्या-सहाव्या महिन्यात मूल गेलं असेल तर पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगा. लाजू नका, लपवू नका. सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजता येते. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर डॉक्टर टाक्याचा किंवा औषधाचा विचार करतात. टाका घातल्यावर पाणी गेलं, रक्त दिसलं, ताप आला किंवा कळा सुरू झाल्या तर घरी वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. एरवी साधारण छत्तीस-सदतीस आठवड्यांना टाका काढतात. काही टाके तसेच ठेवून सिझेरियन करतात. तुमचा टाका कोणता आणि तो कधी काढायचा, हे विचारून फाइलमध्ये लिहून घ्या.

आणि एखाद्या घरात मूल टिकत नाही म्हणून सुनेला बोल लावले जात असतील, तर तिच्या सासूला हे सगळं समजावून सांगा. जो दोष सुनेचा नव्हताच, त्यावर आपल्याच शेजारच्या एका डॉक्टरांनी १९५५ साली उपाय शोधून ठेवलाय.