भक्तराज पुंडलिकराय

दिंडीला 100 वर्षं झाली, पुस्तकात काही लिहा म्हणाले. आम्ही चौथी शिकलेले, बदलापुरात उल्हास नदीच्या काठी भात लावणारे. चूकभूल पदरात घ्यावी.

पुंडलिकराय हे जानुदेव आणि सत्यवती यांचे पुत्र, असं परंपरा सांगते. ते जन्मापासून सेवेकरी नव्हते बरं का! तरुणपणी त्यांनी आईबापांना फार जाच केला. काशीच्या वाटेवर कुक्कुट मुनींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटे मळक्या वस्त्रांच्या स्त्रिया आल्या, झाडलोट केली आणि निर्मळ होऊन निघाल्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती. मुनींना ते बळ आईबापांच्या सेवेनं आलं होतं. हे कळल्यावर पुंडलिकरायांचे डोळे उघडले. ते माघारी फिरले नि दिंडीरवनात, म्हणजे आपल्या पंढरीत, म्हाताऱ्यांचे पाय चेपत राहिले. द्वारकेचा राणा दारात आला तरी उठले नाहीत. वीट भिरकावली, थांब म्हणाले. देव अजून थांबलाय.

आमची आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. आमची वारी चुकली. मनाला कढ यायचा, कधी आईवर चिडलो, मग रात्री रडलो. आणखी एक कबूल करतो. आम्ही गावोगाव कीर्तनात पुंडलिक सांगत होतो, आणि घरी आईचं हगणंमुतणं आमची मंडळी काढत होती. तिला कुणी भक्त म्हटलं नाही, आम्हीसुद्धा नाही.

आता आमच्याकडची पोरं पहाटेची लोकल धरतात, रात्री परत येतात. पुंडलिकरायांनी विटेवर देवाला थांबवलं; नोकरीवरच्या साहेबाला कशावर थांबवायचं? मग सगळा भार एकट्या सुनेवर नाहीतर लेकीवर पडतो. ती चिडली तर तिला नावं ठेवू नका. माणूस थकतं.

म्हणून दिंडीतल्या भाविकांना हात जोडून विनंती. पंढरीहून आलात की, ज्या घरी म्हातारं माणूस अंथरुणावर आहे तिथं बुक्का-प्रसाद घेऊन जा. नुसते पाया पडून निघू नका. दोन तास उशाशी बसा, कूस बदलायला हात लावा, सेवा करणारीला पाठ टेकू द्या. आणि जो सेवेसाठी वारीला येऊ शकला नाही, त्याची वारी चुकली असं म्हणू नका.

चंद्रभागेत स्नान झालं की आधी पात्रातल्या पुंडलिकरायांचं दर्शन, मग विठुरायाचं. जयघोषातही नाव त्यांचंच आधी. देवानं दिलेला हा मान आपण घरोघरी पाळावा.