अब्दुल करीम खाँ : ज्यांनी गळा मोजू दिला

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ आपल्या भागाला परके नाहीत. कुंदगोळचे सवाई गंधर्व त्यांचेच शिष्य. खाँसाहेबांची ठुमरी सगळ्यांना आठवते, पण त्यांनी आपला गळा मोजू दिला, हे फार जणांना ठाऊक नसतं.

जन्म १८७२चा, उत्तरेतल्या कैरान्याचा. बडोद्याचा दरबार, मग पुढं मिरज. त्या काळी उस्ताद आपली विद्या सहजी उघडी करत नसत. पण सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचा हिशोब मांडायला बसले, तेव्हा खाँसाहेब स्वर लावून दाखवायला तयार झाले. ही मोठीच गोष्ट म्हणायची.

हिशोब असा. सेकंदाला कंपनं जितकी जास्त, तितका स्वर उंच. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तार षड्ज ४८०, पंचम ३६०, गंधार बरोबर ३००. पेटीचा गंधार मात्र ३०२च्या वर जातो, कारण तिथं सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. आम्हा कॉमर्सवाल्यांना दोन-अडीचचा फरक किरकोळ वाटेल. पण तानपुऱ्याच्या खर्जातून तो ३००चाच गंधार आपोआप उमटतो, त्यामुळं शेजारी पेटी वाजली की कानाला बोचते. देवलांचं पुस्तक १९१० साली निघालं.

२७ ऑक्टोबर १९३७ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांना गाडीत बरं वाटेना. सिंगपेरुमाळकोईल स्टेशनवर ते उतरले, तानपुरा जुळवून घेतला, गायले आणि तिथंच गेले. दफन मिरजेत झालं. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात आजही त्यांच्या नावानं गाणं होतं.