कृषक विमानाचे शिल्पकार : डॉ. विष्णू माधव घाटगे

भिलाई : १९५९ हे वर्ष स्वतंत्र भारताच्या औद्योगिक इतिहासात दोन कारणांनी लक्षात राहावे असे आहे. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभा राहिलेला, वर्षाला १० लाख टन पोलादाच्या क्षमतेचा तो कारखाना देशाच्या आकांक्षेचे प्रतीक ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंगळुरूच्या विमानतळावरून एका लहानशा विमानाने पहिले उड्डाण केले. त्या विमानाचा गाजावाजा फारसा झाला नाही. त्याचे नाव होते ‘कृषक’. त्यामागील संकल्पकाचे नाव होते डॉ. विष्णू माधव घाटगे.

कृषकचे वैशिष्ट्य त्याच्या वेगात नव्हते. ज्या देशात पक्क्या धावपट्ट्या मोजक्या आणि माळरान, शेते व डोंगरदऱ्या अफाट, तेथे जमिनीकडून कमीत कमी अपेक्षा ठेवणारे विमान हवे होते. थोड्या अंतरात उडावे, थोड्या अंतरात उतरावे आणि खडबडीत पृष्ठभागावर टिकून राहावे, ही त्याची कसोटी होती. घाटगे यांच्या आयुष्याचे सार या एका विमानातही पाहता येते. जगातील सर्वोच्च दर्जाचे वायुगतिशास्त्र आत्मसात केलेल्या या मराठी शास्त्रज्ञाने ती विद्या देशाला खरोखर लागणाऱ्या साध्या यंत्रांसाठी राबवली.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी महाराष्ट्रात झाला. मुंबई विद्यापीठातून विज्ञानाची पदवी घेतल्यावर १९३० च्या दशकात ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीतील ग्योटिंगेन येथे गेले. आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे लुडविग प्रांटल तेथे अध्यापन आणि संशोधन करीत. पंखाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर कसा वागतो, याचा सिद्धांत प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडला होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली घाटगे यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या काळात हे भाग्य फार थोड्या भारतीयांच्या वाट्याला आले.

तो पातळ थर हा आखूड धावपट्टीच्या प्रश्नाचा गाभा होय. पंखाला मिळणारी उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते किंवा घटते. वेग निम्मा झाला की उचल एक चतुर्थांशावर येते. म्हणून मंद वेगात विमान तरंगत ठेवायचे असेल, तर पंखाचा कोन वाढवावा लागतो. मात्र कोन मर्यादेपलीकडे गेला की तो थर पंखापासून सुटतो, उचल कोसळते आणि विमान खाली येते. कमी वेगात उडण्याची आणि उतरण्याची सारी कला या मर्यादेजवळ सुरक्षितपणे राहण्यात आहे. त्यासाठी वजनाच्या मानाने पंखाचे क्षेत्रफळ मोठे ठेवावे लागते, पंखाच्या मागील कडेला खाली झुकणाऱ्या झडपा बसवाव्या लागतात आणि वजनाच्या मानाने इंजिन दमदार असावे लागते. जर्मनीच्या ‘श्टोर्ख’ या विमानाने ही कला जगाला दाखवली. १९४३ मध्ये इटलीतील ग्रान सास्सोच्या डोंगरमाथ्यावरील खडकाळ जागेत उतरून त्याने मुसोलिनीला तेथून उचलून नेले होते.

घाटगे भारतात परतले तेव्हा देशात विमाननिर्मितीचा उद्योगच नव्हता. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूत ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीच्या त्या दिवसांतच घाटगे कंपनीशी जोडले गेले. महायुद्धाच्या धामधुमीत कारखाना मुख्यतः परदेशी विमानांच्या जुळणीत आणि दुरुस्तीत गुंतला होता. तरीही घाटगे यांनी १० आसनांच्या एका लष्करी ग्लायडरची रचना केली. त्याचे उत्पादन झाले नाही. पण भारतीय अभियंत्याने कागदावर रेखलेले यान भारतातच आकाराला येऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

डिसेंबर १९४२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली. कारखान्यात रचना आणि संस्थेत अध्यापन या दोन कामांतून त्यांनी देशातील विमान अभियंत्यांची पहिली पिढी घडवण्यास हातभार लावला.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या हातून पहिले मोठे काम झाले ते ‘एचटी-२’ या प्रशिक्षण विमानाचे. ऑगस्ट १९५१ मध्ये वैमानिक जमशेद मुन्शी यांनी त्याचे पहिले उड्डाण केले. स्वतंत्र भारतात आखलेले आणि बांधलेले हे पहिले शक्तिचलित विमान ठरले. हवाई दलातील वैमानिकांच्या अनेक तुकड्यांनी उड्डाणाचे धडे याच विमानावर गिरवले. घानाच्या हवाई दलालाही ही विमाने देण्यात आली. एका नवस्वतंत्र देशाने दुसऱ्या नवस्वतंत्र देशाला दिलेली ती विमाने होती.

त्यानंतर फ्लाइंग क्लबांसाठी ‘पुष्पक’ आले. अमेरिकी एरोन्का चीफ या विमानाच्या धर्तीवर बेतलेले हे दोन आसनी, वर पंख असलेले, कमी खर्चाचे विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले. पुष्पकचा आकार वाढवून घाटगे यांच्या चमूने जे विमान साकारले, तेच कृषक.

नावाप्रमाणे त्याची मूळ कल्पना नागरी उपयोगाची होती. मात्र नागरी क्षेत्रातून पुरेशी मागणी आली नाही आणि प्रकल्प काही काळ रेंगाळला. त्याच सुमारास सैन्याला वेगळी निकड भासत होती. तोफखान्याचे अधिकारी हलक्या विमानातून उडून शत्रूच्या हालचाली टिपत, आपले गोळे नेमके कुठे पडतात ते पाहून तोफांना दिशा देत. या कामासाठी ब्रिटिश बनावटीची ऑस्टर विमाने वापरात होती आणि ती जुनी झाली होती. आघाडीजवळ पक्की धावपट्टी मिळत नाही. नांगरलेल्या शेताकडेची पट्टी किंवा नदीकाठचा माळ हाच तेथील विमानतळ. कृषकमध्ये नेमके तेच गुण होते.

वर बसवलेल्या पंखामुळे वैमानिकाला खालची जमीन विनाअडथळा दिसे. २२५ अश्वशक्तीचे इंजिन एवढ्या लहान विमानाला भरपूर जोर देई. पंखांवरील झडपा उतरताना वेग कमी राखू देत. मागच्या लहान चाकावर टेकलेले विमान नाक उंचावून उभे राहत असल्याने पंखाही खडकाळ जमिनीपासून दूर राही. मागील बाजूस तिसऱ्या व्यक्तीसाठी फिरते आसन होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास कृषक सैन्याच्या सेवेत दाखल झाले आणि सुमारे ७० विमाने बांधली गेली. पुढे चेतक व चीता हेलिकॉप्टरांनी त्याची जागा घेतली. ज्याला धावपट्टीच लागत नाही अशा यंत्रापुढे आखूड धावपट्टीच्या विमानाने माघार घेणे स्वाभाविक होते.

घाटगे यांच्या कारकिर्दीचा हा काळ एका मोठ्या ताणाचाही होता. १९५६ मध्ये प्रख्यात जर्मन संकल्पक कुर्ट टांक आपल्या सहकाऱ्यांसह बंगळुरूला आले आणि ‘मरुत’ या लढाऊ विमानाचे काम सुरू झाले. देशाचे लक्ष आणि साधने स्वाभाविकपणे त्या महत्त्वाकांक्षी प्रकल्पाकडे वळली. परदेशी परवान्याखालील उत्पादनही वाढत होते. अशा वेळी घाटगे यांच्या चमूने जेट प्रशिक्षण विमान हाती घेतले. ४ सप्टेंबर १९६४ रोजी ‘किरण’ने पहिली झेप घेतली. पुढे कित्येक दशके हवाई दलातील वैमानिक त्यावर तयार झाले आणि ‘सूर्यकिरण’ या हवाई कसरतींच्या पथकानेही अनेक वर्षे हेच विमान वापरले. १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या वारशाचा हिशेब मांडताना एक रुखरुख मात्र राहते. एचटी-२ आणि किरण यांना दीर्घायुष्य लाभले. लहान, आखूड धावपट्टीच्या स्वदेशी विमानांची परंपरा मात्र कृषकनंतर जोमाने पुढे गेली नाही. शेतीवरील फवारणीसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सने घडवलेले ‘बसंत’ १९७२ मध्ये उडाले, पण त्याचेही उत्पादन थोडक्यातच थांबले. दुर्गम भागांसाठी नंतर कानपूरला बनू लागलेले डॉर्नियर-२२८ थोड्या अंतरात उडू शकते. परंतु त्याची मूळ रचना जर्मन आहे. एप्रिल २०२२ मध्ये भारतात बांधलेल्या डॉर्नियरने दिब्रुगडहून अरुणाचलातील पासीघाटला प्रवासी नेले, तेव्हा घाटगे यांच्या पिढीने हाताळलेला प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

हा प्रश्न भिलाईसारख्या शहरालाही परका नाही. पोलादनगरीजवळ नंदिनी येथे धावपट्टी आहे, तरी नियमित विमानप्रवासासाठी भिलाईकरांना रायपूर गाठावे लागते. देशातील अशा अनेक लहान धावपट्ट्यांना जोडायचे, तर थोड्या जागेत उतरणारी, थोड्या खर्चात चालणारी विमाने लागतात. ती स्वतः आखण्याची क्षमता या देशात होती, याचा पुरावा १९५९ मध्येच बंगळुरूच्या आकाशात दिसला होता.

बंगळुरूतील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या सभागृह संकुलाला आज डॉ. घाटगे यांचे नाव आहे. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाचा एक पुरस्कारही त्यांच्या नावाने दिला जातो. भिलाईची पहिली भट्टी आणि कृषकचे पहिले उड्डाण एकाच वर्षातले. पोलादाची ती परंपरा अखंड चालू राहिली. आखूड धावपट्टीवरून झेपावणाऱ्या स्वदेशी विमानाची परंपरा पुन्हा जोमाने सुरू होणे, हे घाटगे यांचे खरे स्मारक ठरेल.